मामा, ती क्लिप मला दिसली होती

मामा, परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, मांडव निघाला, आत्यांच्या मावसबहिणीही काल दुपारी पिंगळीला परतल्या. घर इतकं गप्प झालंय की ओट्यावर पेला ठेवला तरी दचकायला होतं. तुमचा लेक माझ्याशी बोलत नाही. आत्या बोलतात, पण कामापुरतं. आणि मला ज्या माणसाशी बोलायचं होतं तो माणूस गळ्यात हार घालून फोटोत जाऊन बसलाय. म्हणून ही वही घेतली.

तुमचा जन्म कधीचा, गावच्या पाण्याच्या विहिरीवर किती वर्षं इंजन चालवलंत, मागे कोण कोण आहे, हे सगळं कार्डावर छापलं होतं. ते मी परत लिहीत नाही. मला आपल्या अबोल्याचं लिहायचंय, अकरा दिवसांच्या. आणि लिंबाजी गुरुजींच्या गाडीचं. पण त्याआधी आपण बोलायला कसे लागलो ते लिहिते, कारण आपल्या घरात सून सासऱ्याशी बोलते हेच मुळात नवल होतं.

लग्न करून मी वालूरला निघाले तेव्हा मानवतच्या स्टँडवर आईनं कानात सांगितलं होतं. सासऱ्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, समोर खुर्चीवर बसायचं नाही, बोलायचं तर सासूच्या, म्हणजे आत्यांच्या, मार्फत. चार वर्षं मी हे इमानेइतबारे पाळलं. तुम्ही ओट्यावर आलात की मी आत जायची, आणि मी अंगणात आले की तुम्ही खाकरून गोठ्याकडे जायचात. एका घरात राहून आपण एकमेकांच्या पाठीच जास्त बघितल्या.

त्यात तुम्ही ती पांढरी गाडी आणली. परभणीच्या एका कंपाउंडरकडची, तिसऱ्या हातातली, एका बाजूचा पत्रा गंजानं खाल्लेली. अख्खं गाव हसलं. तुमचा लेक म्हणाला, "आबा, ही गाडी न्हाई, मुडदा हाय." तुम्ही म्हणालात, "मुडदा तर मुडदा. बोलता करून दावतो." जिंदगीभर विहिरीवरची डिझेल इंजनं सांभाळली, त्यापुढं गाडीचं काय एवढं, असा तुमचा दिमाख! लिंबाच्या झाडाखाली ती उभी राहिली आणि माझ्या चुलीपुढच्या खिडकीतून बरोबर तिचं उघडलेलं बॉनेट दिसायचं. भाकरी थापता थापता मी बघायची. बारावी सायन्सला असताना मला फिजिक्स लय आवडायचं. लग्नाच्या सामानात ते काही आलं नव्हतं.

तुम्हाला काम करताना मोठ्यानं बोलायची सवय होती. "आदी पेट्रोल. मग करंट. मग हवा. नशिबाचं नाव शेवटी." गाडी अडली की हेच. पेट्रोल येतंय का बघायचं, प्लगला ठिणगी पडतेय का बघायचं, हवेची वाट मोकळी आहे का बघायचं, आणि ह्या तिन्ही गोष्टी बघून झाल्याशिवाय कपाळाला हात लावायचा नाही. सहा महिन्यांत मला ते सगळं पाठ झालं. तुम्हाला ठाऊकच नव्हतं की खिडकीत तुमची शाळा भरलीय.

मग तो दिवस आला. तुम्ही चारही प्लग साफ केले, वायरी परत बसवल्या आणि सेल्फ मारला, तर गाडीनं असा बार काढला की शेजारच्या गयाबाईची म्हैस दावं तोडून पळाली. तुम्ही पेट्रोल बघितलं, करंट बघितला, हवा बघितली. परत बार. गयाबाई तिकडून शिव्या द्यायली, तुम्ही इकडून गाडीला द्यायले. मला खिडकीतून स्वच्छ दिसलं होतं, दोन वायरी एकमेकींच्या जागी बसल्या होत्या. बोलावं तर रीत मोडते, न बोलावं तर म्हैस परत पळते.

"आत्या," मी म्हणाले, "मामांला सांगा, दोन नंबरची आन चार नंबरची वायर उलटी बसलीय."

आत्या चुलीपुढून ओरडल्या, "अवं, ती म्हनती वायरी उलट्या बसल्यात."

तुम्ही बॉनेटमधून डोकंही काढलं नाही. "तिला इच्यार कोनत्या."

"कोनत्या गं?"

"दोन आन चार."

"दोनचार म्हनती."

"दोनचार म्हंजी किती? नीट इच्यार की!"

आत्यांनी उलथनं आपटलं. "माझी भाकर करपायली हितं! तुमीच बोला की एकमेकाला. तुमच्या इंजनातलं मला काय कळतंय, कप्पाळ!"

तुम्ही डोकं बाहेर काढलं. मी पदर सावरून दारात आले. आपण दोघांनीही गाडीकडे बघितलं, एकमेकांकडे नाही. "बसव बरं," तुम्ही म्हणालात. मी वायरी बदलल्या. तुम्ही सेल्फ मारला आणि गाडी शिस्तीत सुरू झाली. तुम्ही बराच वेळ तिचा आवाज ऐकत राहिलात आणि मग विचारलंत, "कोनी शिकवलं?" मी म्हणाले, "तुमीच." तुम्ही खोकलात. काही मनाला लागलं की तुम्हाला खोकला यायचा.

पण त्याच दिवशी मला दुसरंही काहीतरी कळलं. वायरी उलट्या बसवण्याची चूक करणाऱ्यांतले तुम्ही नव्हता. वायरी जिथं बसतात त्या टोपणावरचे आकडे तुम्हाला दिसले नव्हते. पुढं मी ध्यान देऊन बघायला लागले. तुम्ही बोल्ट बोटांनी मोजायचात, पाना अंगठ्यानं चाचपून उचलायचात, ताटातली चटणी कुठे आहे ते आत्यांशी बोलत बोलत शोधायचात. एक दिवस मी सरळ विचारलं, "मामा, किती दिसतंय?" तुम्ही म्हणालात, "तुझा पदर दिसतोय. तोंड न्हाई."

आत्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या आणायच्या म्हणून आपण परभणीला गेलो. खरं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, थेंब टाका. येताना स्टँडवर उतरल्यावर म्हणालात, "घरात कुनाला सांगायचं न्हाई. तुझ्या नवऱ्याला बी न्हाई. शपथ घे." मी घेतली. थेंब डोळे चुरचुरतात म्हणून आहेत, असं आत्यांना सांगितलं. ती शपथ मी दोन वर्षं पाळली, मामा, आणि सुतकाच्या चौथ्या दिवशी मोडली. त्याचंच हे सगळं.

त्या दोन वर्षांइतकी मी कधीच खुश नव्हते, हेही लिहून ठेवते. गावात जुन्या गाड्या वाढल्या होत्या. कुणी नांदेडहून आणलेली, कुणी पाव्हण्याकडून घेतलेली, आणि गॅरेज म्हटलं की सेलू नाहीतर मानवत. मग लोक आपल्या लिंबाखाली गाडी लावायला लागले. बदल्यात कुणी हुरडा आणून द्यायचा, कुणी वांगी. लोक असले की तुम्ही बॉनेटपाशी उभे आणि मी आत, चहा टाकत. दुपारी सगळे शेतात गेले की पदर खोचून मी बाहेर यायची. लांब पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ तुमच्या कानाच्या हाडाला. तुम्ही ऐकून सांगायचात, "तिसऱ्यात खडखड हाय." मी उघडून बघायची, आणि तिसऱ्यातच असायची. तुमचे कान, माझे डोळे. दोघांचे मिळून हात.

एकदा माझ्या हातून बोल्ट तुटला. मी रडायला लागले तर तुम्ही म्हणालात, "बोल्ट तुटला म्हंजी घाई झाली. बोल्टाची चूक नसती. त्याच्यावर डिझेल टाक, चहा पी, मग ये." आणि माझे वडील गेले तेव्हा सगळ्यांनी मला काही ना काही समजावलं, तुम्ही एकटे गप्प होतात. माहेराहून परत आले त्या दुपारी तुम्ही कार्बोरेटर उतरवून माझ्यापुढे ठेवला. "हे साफ कर. बारीक काम हाय, ध्यान लागतं." त्यातल्या सुईएवढ्या भोकांमधून हवा फुंकत मी तीन तास रडले. तुम्ही पलीकडे तोंड करून बसला होता. असं सांत्वन मला कुणी केलं नाही.

आणि मग ते झेंडावंदन आलं.

शाळेत गावातल्या गुणी माणसांचा सत्कार ठेवला होता. लिंबाजी गुरुजी निवृत्त झाले तरी माइक काही सुटला नव्हता त्यांचा. तुम्हाला पुढं बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, "ह्या वयातही ज्यांची नजर घारीसारखी, इंजिनातला केसाएवढा दोष ज्यांना लांबून दिसतो." टाळ्या. मी बायकांत बसले होते. माझ्या नखांत त्या दिवशीसुद्धा ग्रीस होतं, पदराखाली हात धरून बसले होते. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल. माझं नाव नको, पण एवढं तरी म्हणाल की घरच्यांची मदत असते. तुम्ही माइकपाशी गेलात आणि म्हणालात, "मी एकटाच करतो. हात बसलाय आता."

घरी येईस्तोवर मी दम धरला. मग म्हणाले, "मामा, एकटेच करता का?"

"लोकांत आनखी काय सांगू?"

"खरं सांगायचं."

"काय खरं? म्हाताऱ्याला दिसत न्हाई, सून करती? उद्या कोन गाडी लावल आपल्या दारात?"

"माझ्यासाठी लावतील."

"तुझ्यासाठी!" तुम्ही हसलात. ते हसणं वाईट होतं, मामा. "बाईच्या हाताखाली गाडी देनारं गाव हाय का हे? मी हाय म्हनून येतात. सुनेनं सुनेसारखं ऱ्हावं."

"ऱ्हाते की," मी म्हणाले. "आजपासून सुनेसारखीच ऱ्हाते."

आणि मी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला, आत गेले आणि आत्यांना म्हणाले, "मामांला सांगा, पानी तापलंय." आत्या बघतच राहिल्या. पुढचे अकरा दिवस तसेच. मामांला सांगा जेवायला वाढलंय. मामांला सांगा थेंब कोनाड्यात हायेत. रीत पाळूनही माणसाला इतकं छळता येतं, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही बरोबर होतात की मी, हे मला आजही ठरवता येत नाही. तुमची भीती खरी होती. माझा राग पण खरा होता.

नवव्या दिवशी गुरुजींनी त्यांची जुनी गाडी आणली. चढाला दम तोडते म्हणाले. म्हणजे कार्बोरेटरात घाण. तुम्हाला ते दारातच कळलं असणार. तुम्ही ओट्यावरून मोठ्यानं म्हणालात, "कार्बेटर उतरवायला लागंल बहुतेक." ते मला ऐकवायला म्हणालात, मला ठाऊक आहे. मी परातीत पीठ ओतलं आणि भांडी जरा जास्तच वाजवली.

दोन दिवस तुम्ही एकटे त्या गाडीत डोकं घालून होतात. मी खिडकीत. पाना खाली पडायचा, तुम्ही वाकून मातीत चाचपत राहायचात, पाना तुमच्या पायाशी असायचा आणि हात तिसरीकडेच. मी बघायची. एक पाऊल टाकलं असतं तर दारात होते. अकराव्या दिवशी दुपारी तुम्ही कार्बोरेटर परत बसवला, पेट्रोलचा रबरी पाइप त्याच्यावर चढवला, आणि तो पाइप आवळून धरणारी पत्र्याची क्लिप मागंच राहिली. मला ती खिडकीतून दिसली, मामा. पाइपाच्या तोंडापासून चांगली दोन बोटं मागं सरकलेली. ती जागेवर नसली की पाइप सुटतो, पेट्रोल झिरपतं, आणि बरोबर खाली असतो तापून लाल झालेला धुराचा पाइप. भडका उडायला वेळ लागत नाही. हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

मी बोलले नाही. तेव्हा मनात काय आलं तेही लिहिते, नाहीतर ह्या वहीचा काय उपयोग. माझ्या मनात आलं, कळू दे एकदा. माझ्यावाचून काय होतं ते कळू दे गावाला.

तुळशीला पाणी घालून परत आले तर बॉनेट बंद होतं आणि गुरुजी गाडी घेऊन वळत होते. तुम्ही हात वर केलात त्यांना. मला वाटलं, सकाळी सांगू. गुरुजी काही रोज गाडी काढत नाहीत. सकाळी आत्या चहा घेऊन तुमच्या खाटेपाशी गेल्या आणि त्यांच्या हातातून कप पडला.

पुढचे तीन दिवस मला धड आठवत नाहीत. बायका यायच्या, गळ्यात पडायच्या. गुरुजी सावडायला आले तेव्हा ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, "माझी गाडी म्हणजे त्यांच्या हातचं शेवटचं काम बरं का. मी आता ती विकणार नाही." मी आत बसून ऐकत होते आणि तोंडात पदराचा बोळा होता. लोकांना वाटलं, सून किती रडते सासऱ्यासाठी. रडत होतेच. पण भीतीनंही रडत होते.

चौथ्या दिवशी तुमचा लेक जेवताना म्हणाला, "गुरुजी उद्या परभनीला जायलेत. लेक बाळंत झालीय, तिला आन बाळाला दवाखान्यातून घरी आनायचंय. गाडी घेऊन."

मी त्यांना सगळं सांगितलं. शपथ मोडली. तुमचे डोळे, दोन वर्षं, क्लिप, सगळं.

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "आबाला दिसत नव्हतं? आन मला ठाऊक न्हाई?" त्यांचा आवाज फुटला. मग तोच आवाज चढला. "अन् आता ते गावाला सांगत फिरनार तू? आबाला जाऊन चार दिस न्हाई झाले! ज्या मानसाला शाल घातली तो आंधळा होता, त्यानं आमच्या गाड्या आंधळेपनानं केल्या, असं म्हनतील लोक. थुंकतील फोटोवर!"

"लेकरू हाय गाडीत. ओली बाळंतीण हाय."

"मी करतो गुरुजीला फोन. काहीतरी सांगतो."

सकाळी मी विचारलं, केला का? ते भिंतीकडे बघत म्हणाले, "सांगू तरी काय?"

मी तुमचा पेचकस घेतला, पदराखाली धरला आणि निघाले. सुतकातली बाई, दहावं व्हायचंय, अनवाणी, भर रस्त्यानं. गयाबाई दारात होती, ती बाजूला सरली. आत्यांनी मागून हाक मारली, मी वळले नाही.

गुरुजींच्या अंगणात गाडी सुरूच होती. गुरुजी स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर दुपटी आणि गादी अंथरलेली, फाटकाबाहेर शेजारचे चार जण उभे. मी ओरडले, "बंद करा गाडी! गुरुजी, बंद करा आधी!"

गुरुजी घाबरून उतरले. काकू, म्हणजे गुरुजींची बायको, धावत आल्या आणि मला बघून जागीच थांबल्या. "अगं बाई, सुतकात कशाला आलीस? बाळंतीण यायचीय घरात आज! तितंच थांब, गाडीला शिवू नको."

मी तिथंच थांबले आणि तिथूनच बोलले. "काकू, मामांला दिसत नव्हतं. दोन वर्षं झाली. गाड्या मी करायची. ही एक तेवढी त्यांनी एकट्यांनी केली, कारण मी रुसून बसले होते. हिची पेट्रोलची क्लिप मागं ऱ्हायलीय. मला दिसली होती. मी बोलले न्हाई. गाडी पेट घेईल."

फाटकाबाहेर एकजण हळूच म्हणाला, "दिसत नव्हतं? अन् घारीची नजर म्हनून शाल दिली की!" कुणीतरी हसलं. मामा, ते हसू मी तुमच्यावर ओढवून आणलं.

काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग गाडीतल्या दुपट्यांकडे बघितलं. "लाव हात," त्या म्हणाल्या. "गोमूत्र शिंपडीन मागनं. लेकरापेक्षा सुतक मोठं न्हाई."

मी बॉनेट उघडलं. गरम इंजिनाचा वास आला, तुमच्या सदऱ्याला यायचा तो. मी पाइप बघितला. तो कोरडा होता. मी क्लिप बघितली. ती जागेवर होती, पाइपाच्या तोंडाशी, जिथं असायला पाहिजे तिथं. बोटांनी फिरवून बघितली, हलली नाही. पेचकस लावला, अर्धा आटाही फिरला नाही. मी तुळशीपाशी गेले तेवढ्या वेळात तुमच्या बोटांना ती सापडली होती.

आणि मग मला ते ओरखडे दिसले. क्लिपच्या स्क्रूभोवती, पत्र्यावर, रबरावर, शेजारच्या नळीवर, सगळीकडे पेचकस घसरल्याचे ताजे ओरखडे. दहा नाही, वीस नाही. खाच दिसत नव्हती म्हणून तुम्ही परत परत पेचकस टेकवत होतात, तो घसरत होता, आणि तुम्ही परत टेकवत होतात. मला जे काम करायला चुटकी वाजवण्याएवढा वेळ लागला असता ते तुम्ही असं केलं होतं. त्या संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात तेव्हा अंगठ्याला चिंधी होती. मी ताट सरकवलं होतं आणि विचारलं नव्हतं. माझं चुकलं, मामा. क्लिप सैल राहिली असती तर जेवढं चुकलं असतं, तेवढंच चुकलं.

"सैल हाय का गं?" काकूंनी विचारलं.

सगळे थांबले होते. बॉनेटमध्ये डोकं माझं एकटीचं होतं, दुसऱ्या कुणाला काही दिसत नव्हतं. हो म्हणायचं, पेचकस दोनदा फिरवल्यासारखं करायचं, झालं. मोडलेलं सुतक कारणी लागलं असतं. तुमच्या लेकाला कबूल करावं लागलं असतं की मी गेले म्हणून लेकरू वाचलं. गाव म्हणालं असतं, बरं झालं बाई, तू बघितलंस. दोन वर्षं मला जे पाहिजे होतं ते सगळं त्या एका 'हो'त होतं, आणि तुमच्या नावाचं जे व्हायचं ते तर होऊनच गेलं होतं.

मी पेचकस खाली ठेवला आणि फाटकाबाहेरच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "सैल न्हाई, काकू. मीच चुकले. ह्या गाडीला माझा हात लागलेला न्हाई, ही मामांनी एकट्यांनी केलीय. बिनघोर जावा, आन लेकराला घेऊन या."